गुलबानूबाईंच्या मापाची मस्टँग

गुलबानूबाईंनी स्टिअरिंग पुरतं डावीकडे फिरवलं होतं. पुढची चाकंही डावीकडे वळलेली बाहेरून स्पष्ट दिसत होती. पण गाडी काही वळेना. ती आपली नाकासमोर सरळ चालली, टायर किंचाळले आणि वळणाच्या कडेला मांडलेले नारिंगी शंकू एकेक करत तिच्या पोटाखाली गेले. त्यांतला एक बंपरला अडकून थेट शेवटच्या रेषेपर्यंत तिच्याबरोबर आला.

पटांगणाच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहान मूल धडपडून पुन्हा उभं राहिलं की मोठी माणसं वाजवतात तशा टाळ्या.

१९९८च्या फेब्रुवारीतला शुक्रवार होता. मस्कतबाहेर, सीबजवळच्या एका मोटार क्लबच्या डांबरी पटांगणावर हिवाळाभर दर महिन्याला ऑटोक्रॉस व्हायचं. म्हणजे रिकाम्या पटांगणावर शंकू मांडून वेडीवाकडी वाट आखायची आणि एका वेळी एकच गाडी त्या वाटेनं घड्याळ लावून सोडायची. जो कमीत कमी वेळात येईल तो पहिला. शंकू पाडला की दंडाचे सेकंद वेळात मिळवायचे. तिथं ताकदीपेक्षा वळण्याला किंमत, त्यामुळे छोट्या जपानी गाड्या नेहमी पुढं असायच्या. अशा ठिकाणी १९६९ सालची, आठ सिलिंडरची, लांबलचक बोनेटची अमेरिकन मस्टँग आणणं म्हणजे म्हशीला फुगडीला उतरवण्यासारखंच.

"मंडळी, ही गाडी सरळ रस्त्यासाठी जन्मली आहे," माईकवरचा क्लबचा साहेब इंग्रजीत म्हणाला. "चूक आमच्या शंकूंचीच. मध्ये आले."

हशा झाला. बाई गाडीतून उतरल्या. साठी नुकतीच ओलांडलेली, बांधा लहानखुरा, अंगावर काळा अबाया आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी बंपरमधला शंकू स्वतः ओढून काढला, त्याच्या जागेवर नेऊन ठेवला आणि कोणाकडेही न बघता गाडी शामियान्याच्या सावलीत नेऊन लावली.

दयानंद कुबल हे सगळं बघत होता. मालवणजवळच्या आचऱ्याचा हा माणूस रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता. पण त्याचा जीव होता तो गाडीच्या पोटाखाली. स्प्रिंगा, पाटे, शॉकअब, टाय रॉड. इंजिनवाले मेकॅनिक पैशाला पासरी मिळतात, असं तो म्हणायचा. गाडी रस्त्यावर पाय रोवून कशी उभी राहते हे कळणारा लाखात एखादा. तो एखादा कोण, हे सांगायची त्याला कधी गरज वाटली नाही.

त्या दिवशी तो मित्राबरोबर आला होता. शाहबाज सोलकर रत्नागिरीच्या राजिवड्याचा. वादी कबीरमध्ये त्याचं टायरचं दुकान होतं आणि दुकानामागे पत्र्याची ऐसपैस शेड. शाहबाजची छोटी पांढरी जपानी गाडी दयानंदनेच बसवून दिलेली होती आणि पहिल्या सहांत ती नेहमी असायची.

"खुय चाललंस?" शाहबाजनं विचारलं. दयानंदच्या मालवणीची नक्कल करायची त्याला जुनी खोड होती.

"त्या गाडीकडे."

"अरे, राहू दे दया. ती म्हातारी आहे. म्हणजे गाडी म्हणतोय मी."

दयानंद तोपर्यंत पोचलाही होता. बाईंशी हिंदीत बोलावं की इंग्रजीत, असा क्षणभर विचार करून तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, गाडी नहीं मुडी, इसमें आपकी गलती नहीं है."

"ते मला माहीत आहे," बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या.

दयानंदचा चेहरा बघून त्यांना हसू आलं. "डोंगरीला शिकले मी, मॅट्रिकपर्यंत. माझ्या लहानपणी इथं मुलींना शाळा कुठली? बापानं मुंबईला मावशीकडे धाडलं. आमच्या मत्रह बंदरातल्या किती तरी घरांतली मुलं अशीच शिकली. तुझ्या शर्टावर दयानंद कुबल लिहिलंय, म्हणून मराठीत बोलले. आणि मॅडम नको. बाई म्हण."

मग त्यांनी गाडीची हकिकत सांगितली. नवऱ्यानं सत्तर साली ती बहारीनहून बोटीनं आणवली. तेव्हा मस्कतमध्ये डांबरी रस्ता असा कितीसा होता? चौथा गिअर पडायच्या आत संपायचा. त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जायचं, गाडी मागं-पुढं करत फिरवायची आणि परत यायचं, हेच त्या दोघांचं संध्याकाळचं फिरणं. नवरा जाऊन आता सहा वर्षं झाली होती. गाडी झाकून ठेवलेली होती. पण मध्यंतरी या पटांगणावरून जाताना त्यांनी शंकूंमधून वळणाऱ्या गाड्या बघितल्या आणि त्यांच्या मनानं घेतलं.

"आयुष्यभर ही सरळच पळाली," बाई म्हणाल्या. "मला ती वळवायची आहे. आणि मला असल्या टाळ्या नको आहेत."

"वळेल," दयानंद म्हणाला. "उन्हाळ्याआधीची शेवटची शर्यत एप्रिलात असते. तोपर्यंत मी वळवून देतो."

"इन्शाल्ला म्हण."

"इन्शाल्ला. पण वळणार."

*

पुढच्या गुरुवारी मस्टँग शाहबाजच्या शेडमध्ये आली. पिवळाधमक रंग, बोनेटवर काळा पट्टा, आत काळ्या रेक्झीनच्या सीट. दयानंदनं ती लोखंडी घोड्यांवर चढवली, चारही चाकं काढली आणि पाठीवर आडवा होऊन खाली शिरला. तासाभरानं बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आवडीच्या माशाची आमटी समोर आल्यासारखा आनंद होता.

बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. शाहबाजनं चहा मागवला होता.

"कळलं," दयानंद म्हणाला. "सगळं वजन नाकावर. लोखंडी इंजिन पुढं, बॅटरी पुढं. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, आणि कलली की बाहेरचं पुढचं चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकतं. टायर तळव्यावर उभा राहायचा, तो कडेवर उभा राहतो. बाई, तुम्ही पाऊल आडवं करून त्याच्या बाहेरच्या कडेवर धावून बघा. घसरायला होईल की नाही?"

"होईल."

"तेच होतंय. त्या काळी या गाड्या लांब सरळ रस्त्यांसाठीच बनायच्या. त्यात त्यांचा दोष नाही. कोणी त्यांना असं काही करायला सांगितलंच नव्हतं."

काम काय काय करायचं ते त्यानं सांगून टाकलं. बॅटरी डिकीत हलवायची. पुढं आखूड आणि कडक स्प्रिंगा घालायच्या. गाडीला कलू न देणारा पुढचा आडवा स्टॅबिलायझर बार जाड घ्यायचा, मागंही एक घालायचा. पाटे नवे, शॉकअब नवे, टायर रुंद. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पुढच्या चाकाला वरून धरणारा जो हात असतो, तो चॅसिसला जिथं बोल्टानं बसतो, ती जागा इंचभर खाली घ्यायची. तेवढं केलं की गाडी कलली तरी चाक आत झुकतं, टायर तळव्यावर राहतो.

"मग कर की," बाई म्हणाल्या.

"त्यासाठी नवी भोकं पाडावी लागतील. मूळच्या पत्र्यात."

बाई काही बोलायच्या आत दारातून आवाज आला, "कोणी भोकं पाडणार नाही."

पांढरीशुभ्र पायघोळ डिशडाशा घातलेला, चाळिशीच्या आतला एक माणूस आत येत होता. बाईंचा मुलगा जाफर. मस्कतच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, राहायला मदिनत सुलतान काबूसमध्ये. आईमुळे त्याला मराठी कळायचं. तिला सलाम करून तो दयानंदकडे वळला आणि इंग्रजीत, अगदी सभ्यपणे म्हणाला की ही गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी आहे. एक बोल्टसुद्धा बदललेला नाही. दुबईतला एक संग्राहक ती बघायला येणार आहे. अशा गाडीला नुसता स्क्रू जरी लावला तरी तिची इज्जत जाते.

"कोण येणार आहे?" बाईंनी विचारलं.

"मम्मा, मी सांगणारच होतो."

"गाडी कोणाच्या नावावर आहे?"

शाहबाजनं चहाचा कप उगाचच उचलून पुन्हा खाली ठेवला.

"दयानंद," बाई म्हणाल्या, "ही भोकं पुन्हा बुजवता येतील का?"

दयानंदला हो म्हणणं सोपं होतं. आईचं मन मोकळं झालं असतं, मुलगाही थोडा निवळला असता. पण पत्र्याच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे.

"वेल्डिंग करून बुजवता येतील, रंगही मारता येईल. पण जाणकार माणूस बोट फिरवून सांगेल की इथं भोक होतं. एकदा पाडलं की गाडी पहिल्यासारखी होत नाही."

"पप्पांनी बावीस वर्षं सांभाळली," जाफर म्हणाला. या वेळी त्याचा आवाज बँकेतल्या साहेबाचा नव्हता.

बाई उठल्या. गाडीच्या उघड्या बोनेटपाशी गेल्या आणि आतल्या पत्र्यावर, दयानंदनं खडूनं खूण केली होती तिथं, त्यांनी हात ठेवला.

"तुझ्या बापानं तिला सांभाळली नाही रे, चालवली. हा डावा मडगार्ड दोनदा ठोकून सरळ केलाय. एकदा त्यानं ठोकला, एकदा मी. तू तेव्हा शाळकरी पोर होतास. सहा वर्षं ती कापडाखाली आहे, त्याला सांभाळणं म्हणतोस होय?" मग त्या दयानंदकडे वळल्या. "पाड."

जाफर तडक निघून गेला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. दयानंदनं पत्र्याचा साचा लावला, पंचानं खूण केली, ड्रिलला नवं बिट चढवलं आणि हात स्थिर करून दाबलं. चकचकीत, कुरळा लोखंडी कीस जमिनीवर पडू लागला. पहिलं भोक आरपार गेलं तेव्हा जाफरनं मान फिरवली. पण चारही भोकं होईपर्यंत तो तिथंच होता.

*

पाच आठवडे दयानंदनं रुसैलची ड्युटी संपवून वादी कबीर गाठलं. घरी बायको ज्ञानदा वैतागली होती. जेवताना तो ताटातली वाटी बोटानं फिरवून "हे बघ, वजन असं बाहेर जातं" म्हणून सांगायला लागला की ती वाटी उचलून त्यात आमटी वाढायची.

मार्चच्या अखेरीला गाडी तयार झाली. सकाळी सकाळी, क्लबचं पटांगण रिकामं असताना, त्यांनी शाहबाजच्या दुकानातले शंकू मांडले. आधी दयानंद बसला.

मस्टँग सुटली ती शंकूंच्या रांगेतून नागिणीसारखी डावी-उजवी करत गेली. जड नाक आता सांगितलेलं ऐकत होतं. शेवटच्या आवळ वळणावर त्यानं मुद्दाम वेग जास्त ठेवला. मागचं अंग किंचित सुटलं, त्यानं स्टिअरिंग उलट मारून ते सावरलं आणि गाडी बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर पडली. टायरच्या कडेला खडूच्या खुणा केल्या होत्या. त्या कुठपर्यंत घासल्या गेल्या हे बघायला तो खाली वाकला. अगदी हव्या तेवढ्याच घासल्या होत्या.

"बघा!" तो म्हणाला. "आता तुम्ही."

बाई बसल्या, आणि गाडी जी निघाली ती बैलगाडीसारखी. पहिल्या वळणावर हळू, दुसऱ्यावर त्याहून हळू. तिसऱ्यावर मागचं अंग एकदम बाहेर फेकलं गेलं आणि मस्टँग भिंगरीसारखी फिरून धुळीत उलट्या तोंडानं उभी राहिली. फेब्रुवारीतली वेळ याहून बरी होती.

"सवय नाही अजून," दयानंद म्हणाला. "दोन-चार फेऱ्या मारा."

बाईंनी सहा फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरी आधीच्याहून वाईट. शेवटी त्या उतरल्या आणि दोन्ही मनगटं चोळत म्हणाल्या, "आधी ही माझ्या नवऱ्याची गाडी होती. आता तुझी झाली. माझी कधी होणार?"

दयानंदला ते झोंबलं. त्यानं वाद घालायला तोंड उघडलं, आकडे सांगणार होता, खडूच्या खुणा दाखवणार होता. तेवढ्यात शाहबाज शांतपणे म्हणाला, "दया, तुझे हात बघ. आणि बाईंचे बघ."

दयानंदनं बघितले. वीस वर्षं बसगाड्यांचे नट सोडवलेले त्याचे हात, आणि बाईंची ती पोरीसारखी मनगटं. त्यानं ड्रायव्हरकडचा डावा दरवाजा बाईंसाठी उघडून धरला, स्वतः पलीकडून जाऊन बाजूच्या सीटवर बसला.

"चालवा," तो म्हणाला. "हळू चालवा. मी रस्त्याकडे बघणार नाही, तुमच्याकडे बघणार आहे. राग मानू नका."

आता त्याला दिसलं. चाकं सरळ रेषेत घट्ट राहावीत म्हणून त्यानं जी मांडणी केली होती, तिनं स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं. त्याला स्वतःला ते जाणवलंही नव्हतं. स्टिअरिंग ओढायला बाईंना खांदा सीटवरून उचलावा लागत होता. खांदा उचलला की सपाट सीटवर त्या घसरायच्या. घसरल्या की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप सुटायचा. आणि नेमका वळणाच्या मध्ये पाय सुटला की त्यानं हौसेनं घातलेला मागचा जाड बार गाडीचं शेपूट बाहेर फेकायचा. दयानंदसारख्या माणसाला ते शेपूट म्हणजे खेळ होता. बाईंना तो सापळा होता. त्यांच्या हातून एकही चूक होत नव्हती. एकातून एक सुटणारी ती साखळी त्यानं स्वतःच्या हातानं घडवली होती.

"थांबवा," तो म्हणाला.

गाडी थांबली. बाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"मी गाडी बसवली ती माझ्यासाठी," दयानंद म्हणाला. "कपडा उत्तम शिवला, पण माप माझं घेतलं. दोन आठवडे आहेत. होईल."

"नक्की?"

"गाडी वळते हे आता आपल्याला ठाऊक आहे. आता फक्त माप बदलायचं. ते तर सोपं."

आणि त्याला खरोखरच ते सोपं वाटत होतं. चूक सापडली की दयानंदचा उत्साह दुप्पट व्हायचा. घाबरायचा तो फक्त न सापडणाऱ्या चुकीला.

शाहबाजनं शारजाच्या भंगारवाड्यातल्या ओळखीच्या पठाणाला फोन लावला. त्याच सालच्या एका मोडक्या मस्टँगचं पॉवर स्टिअरिंग तिथं होतं. ते ट्रकनं आलं. दयानंदनं ते उघडून साफ केलं, नवी सीलं घातली आणि बसवलं. मागचा जाड बार त्यानं काढूनच टाकला. काढताना जरा जीवावर आलं, पण काढला. मागच्या टायरांतली हवा थोडी कमी केली. मग रुवीतल्या गादीवाल्या ओमप्रकाशला शेडमध्ये बोलावलं. त्यानं बाईंना सीटवर बसवून दोन्ही अंगांनी टेकू भरून घेतले, पाठ पुढं आणली, बैठक उंच केली. बाई मुकाट्यानं बसून राहिल्या आणि दयानंद विचारत राहिला, "आता गुडघा कुठं लागतो? आता खांदा टेकतो? हात सरळ होतो की वाकलेला राहतो?"

"माझ्या निकाहच्या कपड्यांचं माप घ्यायलासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता," बाई म्हणाल्या.

पुढच्या चाचणीला बाई पहिल्या फेरीत काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या फेरीतही नाहीत. तिसरी संपली तेव्हा त्यांनी काच खाली केली.

"पुढं अजून जराशी रेंगाळते. वळायला सांगितल्यावर 'हो' म्हणते, पण विचार करून म्हणते."

दयानंदला एवढा आनंद फार दिवसांत झाला नव्हता. गाडीची अशी तक्रार म्हणजे चालवणाऱ्याला गाडी कळायला लागली. त्यानं पाना काढला, पुढच्या चाकांची तोंडं केसभर बाहेर वळवली आणि म्हणाला, "आता बघा."

बाईंनी बघितलं. शंकूंच्या रांगेतून येताना त्यांचा अबाया वाऱ्यानं खिडकीशी फडफडत होता आणि खांदा सीटवरून हलला नव्हता.

*

एप्रिलच्या शर्यतीला ऊन कडक होतं. डांबर सकाळीच तापलं होतं. ज्ञानदा डब्यात घावणे आणि चटणी घेऊन आली होती. एवढे दिवस जिच्यापायी घर सुनं होतं ती सवत तरी बघू, असं म्हणत. जाफरही आला होता. शामियान्यात न बसता दोरीजवळ एकटा उभा होता. दुबईच्या माणसानं भोकांचं ऐकल्यावर नकार कळवला होता.

प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या, त्यांतली सगळ्यात चांगली धरायची. मस्टँग रेषेवर आली तशी माईकवरच्या साहेबानं पुन्हा काही तरी विनोद केला. दयानंदनं बाईंच्या खिडकीत वाकून म्हटलं, "पहिल्या फेरीत फक्त वाट पाठ करा. घाई नको."

"यल्ला, चल, बाजूला हो," बाई म्हणाल्या.

त्यांनी ऐकलं नाही. सुटल्या त्या भरधाव, आणि दुसऱ्याच वळणावर दोन शंकू उडवले. लोक हसले. पण दयानंदच्या शेजारी उभ्या असलेल्या शाहबाजचं हसू मावळलं होतं. शंकू पडले ते गाडी सरळ गेली म्हणून नव्हे. ती जास्त वळली म्हणून. आतल्या बाजूचे शंकू होते ते.

दुसऱ्या फेरीत एकही शंकू पडला नाही. वेळ पुकारली तेव्हा शामियान्यातली कुजबुज थांबली.

तिसरी फेरी. आता बाईंना वाट पाठ होती. त्या आठ सिलिंडरांचा आवाज पटांगणभर घुमला, लगेच ब्रेक लागले, लांब पिवळं नाक खाली झुकलं आणि वळणात शिरलं. डावं, उजवं, डावं. प्रत्येक शंकूपासून वीतभर अंतर, त्याहून जास्त नाही, कमीही नाही. दयानंदची बोटं नकळत हवेतलं स्टिअरिंग फिरवत होती. शेवटचं आवळ वळण आलं, जिथं फेब्रुवारीत गाडी सरळ निघून गेली होती त्याहूनही आवळ. बाईंनी पाय सोडला नाही. मागचं अंग पाट्यांवर दबलं, चारही टायर एकदम गुरगुरले आणि मस्टँग वळणातून अशी निघाली की रेषा ओलांडून कुठं थांबायचं याचंच भान राहिलं नाही. पार कुंपणापाशी जाऊन थांबली.

या वेळच्या टाळ्या वेगळ्या होत्या.

बाई एकंदरीत पाचव्या आल्या. पुढचे चार जण तरुण होते आणि छोट्या गाड्यांचे होते. सहावा होता शाहबाज सोलकर.

"माझ्या शेडमध्ये, माझे टायर लावून मला हरवलं," शाहबाज कपाळाला हात लावून म्हणाला. "आणि माझीही गाडी ह्यानंच बसवलीय!"

"तुझी गाडी चांगली आहे रे," दयानंद म्हणाला. "तू पाय सोडतोस."

ज्ञानदानं घावण्यांचा डबा बाईंसमोर धरला. बाईंनी उभ्या उभ्याच दोन खाल्ले, चटणी बोटानं निपटून घेतली आणि म्हणाल्या, "डोंगरी सोडल्यापासून असे खाल्ले नव्हते." ज्ञानदानं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा बाईंकडे आणि दयानंदच्या कानाशी म्हणाली, "बरं झालं केलंस ते."

माईकवरचा साहेब स्वतः चालत आला. त्यानं बोनेट उघडायची परवानगी मागितली आणि बराच वेळ आत बघत राहिला. दयानंदनं त्याला हात, बोल्ट, भोकं सगळं दाखवलं, त्याच्या मोडक्यातोडक्या पण न अडखळणाऱ्या इंग्रजीत. पुढच्या हंगामात क्लबच्या दोन गाड्या बघशील का, असं साहेबानं विचारलं. बघेन, दयानंद म्हणाला, पण आधी त्या चालवतं कोण ते मला भेटू द्या.

जाफर दोरीखालून वाकून आत आला होता. आईसमोर उभा राहिला.

"शेवटच्या वळणावर तू ब्रेक लावला नाहीस," तो म्हणाला.

"लावला होता. तुला दिसला नाही."

"माझा श्वास अडकला होता, मम्मा."

"बस," बाईंनी पलीकडच्या दरवाजाकडे बोट केलं. "घरी आपण हिच्यातूनच जाणार. तुझी गाडी ड्रायव्हर आणेल."

जाफरनं डिशडाशा सावरली आणि बसला. पट्टा बांधताना त्यानं हात लांबवून डॅशबोर्ड असा घट्ट धरला की दयानंदला हसू आवरेना.

सामान आवरून दयानंद आणि ज्ञानदा शाहबाजच्या पिकअपमध्ये बसले तोवर मस्टँग बरीच पुढं गेली होती. विमानतळाच्या अलीकडेच ते बुर्ज अल सहवाच्या मोठ्या गोल चौकाशी पोचले, तर ती पिवळी गाडी चौकात गोल फिरत होती. मस्कतकडे जाणारा फाटा आला, बाईंनी तो सोडून दिला. दुसरा आला, तोही सोडला. सगळा चौक फिरून मस्टँग पुन्हा त्यांच्यासमोरून गेली. बाजूच्या सीटवर जाफर मान मागं टाकून हसत होता आणि त्यानं डॅशबोर्ड सोडून दिला होता.

"रस्ता चुकल्या की काय?" ज्ञानदानं विचारलं.

"नाही," दयानंद म्हणाला. "शाहबाज, जरा थांब. त्यांना अजून एक फेरी घेऊ दे."

शाहबाजनं पिकअप कडेला घेतली. मागच्या एका टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला, मग त्यालाही चौकातला तो प्रकार दिसला आणि तोही थांबला.